वेस्टमाले डुबेल: दोन युरोंची तपकिरी बिअर सावकाश, नीट कशी प्यावी

बेल्जियममधल्या अँटवर्पला राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मी वेस्टमाले डुबेल प्यायलो ती फ्रीजमधून काढली तशीच, बाटलीला तोंड लावून. गार, फसफसणारं, जरासं कडू काहीतरी पोटात गेलं, एवढीच आठवण राहिली. पुढे दिवाळीच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी घरी बोलावलं. तळघरातून त्यांनी तीच बाटली आणली, रुंद तोंडाचा पेला विसळला, एका संथ धारेत बिअर ओतली आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांब." थांबलो. मग पेला नाकाशी नेला तर मनुका, पिकलेलं केळं आणि गुऱ्हाळावरची काकवी! लहानपणी कोल्हापूरकडे आजोळी, उसाच्या हंगामात घेतलेला तो वास इतक्या लांब, थंडीत, एका पेल्यातून आला.

बाटली तीच होती, पैसेही तेवढेच. बदललं ते तापमान, पेला, ओतण्याची पद्धत आणि दिलेला वेळ. या चारही गोष्टी फुकट आहेत, म्हणून त्या सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडं या बिअरविषयी

वेस्टमाले हे अँटवर्पहून टर्नहाउटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथला मठ १७९४ साली स्थापन झाला आणि १८३६ मध्ये त्याला ट्रॅपिस्ट (कॅथलिक ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) मठाचा दर्जा मिळाला. हे मठवासी स्वतःच्या श्रमांवर जगतात. शेती, चीज आणि बिअर ही त्यांची कामं. १० डिसेंबर १८३६ रोजी मठात गाळलेली बिअर पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर आली. ती त्यांच्या रोजच्या जेवणातली हलकी बिअर होती. १८५६ मध्ये त्यांनी अधिक कडक, तपकिरी बिअर गाळायला घेतली आणि १९२६ मध्ये तिची कृती आणखी जोरकस केली. आज बाटलीत मिळते ती डुबेल या १९२६ च्या कृतीवरून आलेली. अल्कोहोल ७ टक्के. डुबेल म्हणजे डच भाषेत 'दुप्पट', मठातल्या हलक्या बिअरच्या तुलनेत. तिची सोनेरी बहीण ट्रिपेल, ९.५ टक्क्यांची, १९३४ सालची.

तिथे कडक बिअरला बाजार कसा मिळाला, याला एक कायदाही कारण आहे. १९१९ मध्ये बेल्जियमनं कॅफेत जिन आणि तत्सम दारू विकायला बंदी घातली. ही बंदी १९८३ पर्यंत टिकली. थंडीत काहीतरी जोरकस हवं असलेला माणूस कॅफेत येऊन बिअरच मागणार, तेव्हा बिअरच जोरकस होत गेली.

आता रंगाबद्दल, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. गडद बिअर दिसली की आपल्याला वाटतं ही जड असणार, कॉफीसारखी कडवट असणार. तसं आयर्लंडच्या स्टाउटचं असतं. तिचा काळा रंग जवळजवळ करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीतून येतो. डुबेलचा रंग मुख्यतः येतो तो गडद कँडी साखरेतून, म्हणजे बीटाची साखर आटवून, तापवून केलेल्या काळपट पाकातून. उसाचा रस आटवत नेला की आधी काकवी होते आणि मग गूळ, तीच ही जात. त्या पाकातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. मागे राहतो रंग, वास आणि खरपूसपणा. चिकट गोडवा राहत नाही. म्हणून दिसायला जड असलेली ही बिअर जिभेवर हलकी असते आणि घोटाच्या शेवटी कोरडी होते. हे एकदा डोक्यात बसलं की पहिल्या घोटात काय शोधायचं ते कळतं.

केळं आणि लवंग हे वास मात्र कोणी मसाला घातल्यामुळे येत नाहीत. ते यीस्टचं काम. हे यीस्ट लागरच्या (आपल्याकडच्या नेहमीच्या फिकट बिअरच्या) यीस्टपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला, वीस अंशांच्या आसपास काम करतं आणि करता करता फळांसारखे, मसाल्यांसारखे वास तयार करतं. वेस्टफ्लेटरेनच्या मठातली ती दुर्मीळ, लोक जिच्यासाठी तळमळतात ती बिअरसुद्धा वेस्टमालेहून आणलेल्या यीस्टवरच गाळली जाते.

पहिली पायरी: कुठली बाटली घ्यायची

सुरुवात वेस्टमाले डुबेलनंच करा असं माझं ठाम मत आहे. बेल्जियमच्या सुपरमार्केटात ३३ सेंटिलिटरची बाटली दोन युरोंच्या आसपास मिळते, कॅफेत त्याच्या दुप्पट किंवा थोडी जास्त. वेस्टफ्लेटरेन १२ मठाकडे आधी नोंदणी करून घ्यावी लागते आणि बाहेर ती अनेक पट किमतीला विकली जाते. चवीची वर्णमाला शिकण्यासाठी एवढी धावपळ करायची गरज नाही.

लेबल वाचताना दोन शब्दांत फरक करा. षटकोनी शिक्क्यात 'ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट' लिहिलेलं असेल तर ती बिअर मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली गाळलेली असते आणि नफा मठाच्या उदरनिर्वाहाला व समाजकार्याला जातो. बेल्जियममध्ये अशा मठाच्या बिअर आता पाचच: वेस्टमाले, वेस्टफ्लेटरेन, शिमे, ऑरवाल, रोशफोर. आखेलचा मठ यादीत होता, पण तिथे मठवासी उरले नाहीत आणि शिक्का गेला. दुसरा शब्द 'आब्दाइबिर', म्हणजे मठाच्या नावाची बिअर. लेफ, ग्रिमबेर्गेन, मारेडसू या त्या गटातल्या. मठाच्या नावाचा परवाना घेऊन त्या बाहेरच्या ब्रुअरीत तयार होतात. त्या वाईट असतात असं मुळीच नाही. लेफ ब्रून ६.५ टक्क्यांची, जरा गोडसर, आणि स्वस्त. पहिल्यांदा गडद बिअर पिणाऱ्या पाहुण्याला मीही कधीकधी तीच देतो. पण तिच्यात तो कोरडा शेवट नाही.

बाटलीच्या पाठीवरची तारीख बघा आणि जितकी ताजी मिळेल तितकी घ्या. दुकानाच्या काचेत, उन्हात मांडून ठेवलेली बाटली घेऊ नका.

दुसरी पायरी: घरी आणल्यावर

या बिअरला बाटलीतच पुन्हा आंबवलेलं असतं. थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, आणि आतला फेस तिथे तयार होतो. त्यामुळे तळाशी यीस्टचा पातळ थर असतो. बाटली नेहमी उभी ठेवा, अंधारात, गार जागी. आडवी ठेवली तर तो थर कुशीवर बसतो आणि ओतताना सगळा पेल्यात येतो.

सुट्टीत महाराष्ट्रात किंवा गोव्यात घेऊन जाणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. भारतात उतरताना शुल्काशिवाय दोन लिटरपर्यंत मद्य आणता येतं, त्यात बिअरही मोजतात. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली मोज्यात घालून, मग कपड्यांच्या मध्ये. घरी पोचल्यावर तीन-चार दिवस तरी त्या उभ्या, हलवू नका. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढलेला असू द्या. उन्हाळ्यात पुण्या-नागपूरच्या खोलीत बाटली महिनाभर ठेवू नका, त्यापेक्षा फ्रीज बरा.

तिसरी पायरी: तापमान

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यामागे आपली सवय असते. आपल्याकडे बिअर म्हणजे 'चिल्ड'. उकाड्यात पाच टक्क्यांच्या लागरला ते योग्यच आहे. तिचं कामच घसा गार करणं. पण गारठ्यात दोन गोष्टी होतात. वास वर उडत नाही आणि जीभ बधिर होते. उरतात फक्त बुडबुडे आणि कडवटपणा. मनुका, काकवी, लवंग हे सगळं पेल्यात असतं, पण आपल्यापर्यंत पोचतच नाही.

डुबेल ८ ते १४ अंश सेल्सिअसच्या मध्ये प्यावी. मी १० अंशांना ओततो आणि संपेपर्यंत ती १४ पर्यंत चढू देतो. फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. तिथून काढलेली बाटली २० अंशांच्या खोलीत अर्धा-पाऊण तास ठेवा. मे महिन्यात मुंबईच्या घरात पंधरा मिनिटं पुरतात. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर असेल तर पहिल्या दोन बाटल्यांना तो पेल्यात बुडवून बघा. नंतर बाटलीला हात लावला की अंदाज येतो: माठातल्या पाण्यापेक्षा गार, फ्रीजच्या पाण्यापेक्षा कोमट.

बर्फ घालू नका. पेला फ्रीजरमध्ये ठेवू नका.

चौथी पायरी: पेला

वेस्टमालेचा स्वतःचा पेला आहे, दांड्याचा, रुंद तोंडाचा. तो नसला तर वाइनचा मोठा गोल ग्लास चालतो. सरळ उंच ग्लास किंवा स्टीलचा पेला टाळा. रुंद तोंडामुळे वास जमतो आणि नाक आत जातं, हे महत्त्वाचं.

पेला स्वच्छ म्हणजे भांडी घासायच्या साबणाचा आणि तेलाचा मागमूस नसलेला. तेलकटपणा फेस मारतो. धुण्याच्या सोड्यानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळून घ्या, फडक्यानं पुसू नका, उपडा ठेवून वाळू द्या. ओतण्याच्या आधी गार पाण्यात पुन्हा विसळा आणि ओलाच वापरा. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर पेला स्वच्छ नव्हता असं समजा.

पाचवी पायरी: ओतणं

झाकण काढल्यावर क्षणभर थांबा. पेला तिरका धरा, बाटलीचं तोंड काचेपासून थोडं दूर, आणि धार एकदाच, न तोडता, संथ. पेला निम्मा भरत आला की सरळ करा, धार थोडी उंच घ्या, फेस दोन बोटं चढू द्या. बाटलीत सेंटिमीटरभर उरलं की थांबा. मध्येच बाटली सरळ करून पुन्हा तिरकी केलीत तर तळाचं यीस्ट ढवळलं जातं, म्हणूनच धार तोडायची नाही.

उरलेला गाळ पिण्याजोगा असतो. त्यात ब जीवनसत्त्वं असतात आणि इथले बरेच जण तो छोट्या ग्लासात वेगळा घेऊन पितात. चव पावाच्या आंबवलेल्या पिठासारखी. पेल्यात मिसळला तर रंग गढूळ होतो आणि कोरडा शेवट बोथट होतो, म्हणून मी वेगळाच ठेवतो.

सहावी पायरी: वाट्या मांडून वास शिकणं

हा माझा स्वतःचा उपाय आहे आणि ज्यांना ज्यांना शिकवला त्यांना उपयोगी पडला. बिअरच्या वासांची वर्णनं वाचली की अंजीर, प्लम, टॉफी असे शब्द येतात. त्यातले निम्मे वास आपण लहानपणापासून घेतलेले नसतात, मग ते सापडत नाहीत आणि वाटतं की आपलं नाक कमी पडतंय. नाक कमी पडत नाही, नावं परकी असतात. आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे.

सहा छोट्या वाट्या घ्या. एकीत काळ्या मनुका, थोड्या कोमट पाण्यात भिजवलेल्या. दुसरीत काकवी, नसेल तर काळा गूळ. तिसरीत खारीक किंवा खजूर. चौथीत सालीवर डाग पडलेलं वेलची केळं, कुस्करून. पाचवीत दोन लवंगा, ठेचून. सहावीत तव्यावर डाग पडेपर्यंत भाजलेल्या पोळीचा तुकडा. आधी प्रत्येक वाटीचा वास घ्या, डोळे मिटून. मग पेला. मग पुन्हा वाटी. मनुका आणि काकवी लगेच सापडतात. पोळीचा खरपूस डाग दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. केळं हलकं असतं, फेस बसल्यावर वर येतं. लवंग सगळ्यात लाजरी, आणि ती बहुधा घोट गिळल्यानंतर, नाकातून श्वास सोडताना भेटते.

हे दोन-तीनदा केलं की वाट्यांची गरज राहत नाही.

सातवी पायरी: घोट

आधी पेला दिव्यासमोर धरा. मधोमध गडद तपकिरी, कडेला माणकासारखी लाल झाक. फेस दुधाळ पिवळसर.

पहिला घोट छोटा. तो तोंड ओलं करण्यासाठी, त्यावरून काही ठरवू नका. दुसरा घोट मोठा घ्या आणि गिळायच्या आधी दोन-तीन सेकंद तोंडभर फिरू द्या. सुरुवातीला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवा येतो, साखरेचा नव्हे, तर खूप चावलेल्या भाकरीला येतो तसा. मध्यावर सुकामेवा. आणि मग, जिथे तुम्हाला गोडवा वाढेल असं वाटतं, तिथे तो मागे सरतो. जीभ कोरडी होते, मागे हलकी, औषधी पाल्यासारखी कडवट छटा राहते. ही वळणाची जागा डुबेलची खरी खूण. मठात आणि ब्रुअरीत पाऊणशेहून जास्त वर्षं ज्या गोष्टीवर लक्ष दिलं जातंय ती हीच, की गडद बिअर असूनही दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे.

मग पेला खाली ठेवा आणि दहा मिनिटं काही करू नका, गप्पा मारा. १२ अंशांच्या पुढे गेल्यावर तोच पेला वेगळा लागतो: बुडबुडे मऊ, काकवी पुढे, लवंग स्पष्ट. शेवटचे दोन घोट मुद्दाम याच्यासाठी राखून ठेवा. एक पेला अर्ध्या ते पाऊण तासात संपवणं हा चांगला वेग.

किती प्यायची तेही इथेच सांगतो. ३३ सेंटिलिटरमध्ये ७ टक्के म्हणजे सुमारे २३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर लागरमध्ये २५ मिलिलिटर असतं. म्हणजे ही छोटी दिसणारी बाटली अर्ध्या लिटरच्या बरोबरीची आहे. भारतात ५ ते ८ टक्क्यांची बिअर 'स्ट्राँग' म्हणून विकली जाते आणि ती बऱ्याचदा झटका बसावा म्हणूनच घेतली जाते. ती सवय घेऊन डुबेलकडे येऊ नका. मी एका बैठकीत एक पितो, कधी दोन. पिऊन गाडी अजिबात नाही. बेल्जियममध्ये मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, भारतात त्याहून कडक, १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम.

सोबत काय खावं

कॅफेत डुबेलबरोबर चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ येतं. यापेक्षा चांगली सोबत मला अजून सापडलेली नाही. भारतात साधं, जरा मुरलेलं चीज आणि कासुंदी घेऊन हे जवळपास जमतं.

तिखट टाळा, हे मनापासून सांगतो. सावजी रस्सा किंवा तांबडा रस्सा मला जीव की प्राण, पण अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही मिरचीची आग वाढवतात आणि बिअरची चव पार पुसली जाते. कांदा-खोबरं खरपूस भाजून केलेलं, मिरची हातचं राखून घातलेलं सुकं मटण मात्र छान जुळतं. दोन्हींत तो भाजल्याचा वास आहे. संक्रांतीला एकदा तूप लावलेली गूळपोळी घेऊन बघितली. गुळानं गुळाला ओळखलं.

फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या बेल्जियन, घरांत या बिअरमध्ये मांस शिजवतात, त्याला स्टोफव्लेस म्हणतात. मूळ पदार्थ गोमांसाचा. मी बोकडाच्या खांद्याचं मटण वापरतो. एक किलो मटणाचे मोठे तुकडे तेलात किंवा लोण्यात लालसर परतून बाजूला काढा. त्याच भांड्यात दोन-तीन मोठे कांदे मंद आचेवर तपकिरी करा, घाई नको, वीस मिनिटं तरी. मटण परत घाला, डुबेलची एक बाटली ओता, मांस जेमतेम बुडेल इतकं पाणी, दोन तमालपत्रं, थोडा थाइम, मीठ. वर पावाची एक जाड चकती मोहरीची चटणी माखून, चटणीची बाजू खाली करून ठेवा. ती विरघळून रस दाट करते. झाकण ठेवून दोन-अडीच तास मंद आच. शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि चमचाभर गूळ. बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडींबरोबर वाढा. कुकर वापरू नका, रस आटत नाही आणि बिअरची कडवट बाजूच पुढे येते.

पुढची पायरी

डुबेल ओळखीची झाली की एकाच संध्याकाळी मित्रांबरोबर तीन बाटल्या वाटून घ्या: डुबेल, मग शिमेची निळी, मग रोशफोर १०. अनुक्रमे ७, ९ आणि ११.३ टक्के. क्रम उलटा केला तर डुबेल पाणचट लागेल. शिमेची निळी मुळात नाताळची बिअर म्हणून आली. तिच्या लेबलवर वर्ष छापलेलं असतं, कारण ती साठवून ठेवणारे बरेच आहेत. नीट साठवली तर शेरी या स्पॅनिश वाइनसारखी छटा येते. डुबेल मात्र मी साठवत नाही. वर्षा-दीड वर्षानंतर तिचं केळं आणि लवंग विझतात, आणि फार जुनी झाली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

अँटवर्पला आलात तर टर्नहाउटची बस पकडून वेस्टमालेला जा. ब्रुअरी आतून बघता येत नाही, मठाची शांतता जपलेली आहे. पण समोरच कॅफे ट्रॅपिस्टन आहे, रविवारी सायकलवाल्यांनी भरलेलं. तिथे 'हाफ-ऑम-हाफ' मागा. डुबेल आणि ट्रिपेल एकाच पेल्यात निम्मी-निम्मी. मठाचं चीज पण मागवा.

घरी प्यायलात तर रिकामी बाटली लगेच विसळून क्रेटमध्ये उभी ठेवा. वाळलेला गाळ नंतर निघत नाही. सुपरमार्केटच्या यंत्रात परत दिली की प्रत्येक बाटलीची अनामत परत मिळते, आणि तीच बाटली धुऊन पुन्हा भरली जाते.